टेम्पो डावीकडं ओढतोय

बस रे ओम, बस. किल्ली ठेव त्या कट्ट्यावर. म्हणं, "आबा, स्टेरिंग जरासं ओढतंय, बाकी गाडी ओके हाय." वळणावर दगडाला चाक ठोकून आलायस, आन् आता ह्या वक्ताला हिंजवडी गाठणार व्हय? लई शाना हायेस. अनुष्का, तू तरी सांग तुझ्या भावाला. न्हाई ऐकायचा. बरं, मग येक गोष्ट ऐक. त्याउपर जायचं तर खुशाल जा, मी आडवा पडत न्हाई.

आधी तो मोबाइल पालथा ठेव. तोंडावर उजेड पडला की मला सांगायचं सुचत न्हाई.

हे बघा, मला भुताखेताचं कौतुक न्हाई. सगळी नोकरी येष्टीच्या स्टेरिंगवर काढली. ताम्हिणीत बंद पडलेल्या गाडीत येकटा झोपलोय, कुनी कधी पाय ओढला न्हाई. पण हे भिकूचं हाय. भिकू मेकॅनिक. पौडाहून कोळवणला येताना रस्त्याच्या कडंला पत्र्याचं गॅरेज व्हतं त्याचं. माझा जुना दोस्त. तोंडाचा असा फाटका, की गिऱ्हाईक दारात आलं की आधी शिवी खायचं, मग पाणी प्यायचं. पण खोटं बोलायचा न्हाई. आन् शेवटचं तर मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

त्या वर्सी दिवाळी सरली व्हती, देवदिवाळी यायची व्हती. भातं झोडून झालेली. मंगळवारी सकाळी भिकूला जयसिंगचा निरोप आला, टेम्पो ठोकलाय, ट्रॅक्टर लावून गॅरेजला ओढून ने. जयसिंग म्हंजे ह्याच खोऱ्यातला. थोडी जमीन इकली, टेम्पो घेतला, उरवड्याच्या कारखान्यात बाया न्यायचा-आणायचा. टेम्पो चालवायला त्याचाच पोरगा, राजू. कोळवणच्या वाटंवर ओढ्याची मोरी हाय, राजूनं सोमवारी रात्री गाडी त्या मोरीच्या कठड्यावर घातली व्हती. रानडुक्कर आडवं आलं म्हणला.

भिकू गेला, टेम्पो ओढून आणला, आन् पहिल्यांदा काय केलं आसंल? भडकला. "ठोकलेली गाडी कुनी धुऊन देतं का रं? चिखलावरनं, घासल्यावरनं मला कळतं मार कुटनं बसला ते. तू तर लग्नाला नेल्यावानी चकाचक केलीय!"

बोलणं राजूला व्हतं. जयसिंगच म्हणला, "बाया बसत्यात त्यात, भिकू. घाण बरी दिसत न्हाई."

आसंल बाबा, म्हणून भिकू कामाला लागला.

आता तुमाला इंग्लिश शाळेवाल्यांना सांगायला पायजे. टेम्पोला पुढं दोन चाकांच्या मधी येक आडवा लोखंडी दांडा असतो. तो पुढचा आक्सल. पुढचं सगळं वझं त्याच्यावर. तो वाकला की चाकं तिरकी, आन् चाकं तिरकी की गाडी येका अंगाला ओढती. भिकूनं जॅक लावला आन् मागच्या चाकापास्नं पुढच्या चाकापत्तोर दोरी धरली. आधी उजव्या अंगानं, मग डाव्या. डाव्या अंगाला दोरी चार बोटं उरली. म्हंजे डावं चाक मागं सरकलेलं. दगडाचा मार डाव्या टोकाला बसलाय, आक्सल मागं वाकलाय. राजू सांगत व्हता त्याच्याशी ते जुळत व्हतं.

जयसिंग म्हणला, "गॅस मार, तापव, सरळ कर. शुक्रवारी सकाळी मला गाडी पायजे."

"तापवून लोखंड मऊ पडतं," भिकू म्हणला. "येक दिस भरल्या गाडीत मोडंल आन् बाया मरतील. थंडाच दाबून आणतो. तेबी चीर नसली तर. चीर असली तर नवा घ्यायचा, गपगुमान."

आक्सल उतरवला. रॉकेल लावून पुसला, वर खडूची पूड मारली. लोखंडाला बारीक चीर असली की आतलं रॉकेल बाहेर येतं आन् पुडीवर रेघ उमटती. रेघ न्हाई उमटली. मग पिरंगुटला न्हेऊन मोठ्या प्रेसवर दाबून घेतला. चाकं ज्याच्यावर वळत्यात त्या किंगपिना नव्या, बेरिंगं नवी. गुरुवारी सकाळी आणून काळा रंग मारला आन् उन्हात ठेवला.

जयसिंग बघायला आलेला. भिकू त्याला म्हणला, "संध्याकाळी बसवतो. मग रीतीपरमानं मोरीवर जाऊ आन् नारळ फोडू."

आपल्याकडं हाय ना ती रीत. जितं गाडी ठोकली तितं आधी नारळ फोडायचा, मग गाडी धंद्याला लावायची. जयसिंग तर देवाधर्माचा माणूस, स्टेरिंगला लिंबू बांधल्याबिगर गाडी काढायचा न्हाई. पण त्या दिशी म्हणला, "मोरीवर नको. हितंच दारात फोड." भिकूला नवल वाटलं.

दुपारी बायजा आली.

बायजा म्हंजे वरच्या धनगरवाड्यातली. म्हसूची बायको. मेंढरं राखायची, हंगामात लावणीला जायची, कष्टाळू बाई. म्हसू सोमवारी तिन्हीसांजंला येक चुकलेली मेंढी हुडकायला गेला, तो आलाच न्हवता. मेंढी दुसऱ्या दिशी आपली आपण वाड्यावर आली. माणूस न्हाई. आन् आईतवारी त्यांच्या उज्वलाची सुपारी फुटायची व्हती. मग काय, लोकांच्या तोंडाला टाकं घालता येत्यात का? पोरीचं लगीन जड झालं म्हणून बाप पळाला. कोण म्हणं, कोकणात त्याची दुसरी हाय. पावण्यांनी तर निरोपच धाडला, आईतवारी बाप मांडवात नसला तर आमी उठून जाऊ.

बायजा गॅरेजच्या दारात हुबी राहिली. म्हणली, "भिकूदादा, तुमच्याकडं धा गावच्या गाड्या येत्यात. इचारा की कुनाला. कुनीतरी बघितलं आसंल."

"इचारतो, वयनी. बसा, पाणी घ्या."

"मी बसाया न्हाई आले. तीन दिस झालं, सकाळी कुंकू लावताना हात थांबतोय. लावू का पुसू, कोण सांगंल मला? पळाला आसंल तर पळाला म्हणून सांगा. म्या रडून मोकळी हुईन. पण कायतरी सांगा."

भिकू मला म्हणायचा, दयानंद, मी नुस्तं 'सांगतो, वयनी' म्हणलो. बाई हुबी कुटं व्हती? त्याच टेम्पोच्या तोंडाशी. आन् मागं राजू नट आवळायला बसला व्हता, तो पाना टाकून मागच्या दारानं निघून गेला. भिकूला वाटलं, बिडी वढायला गेला आसंल.

आता इतनं पुढं नीट ऐका.

कार्तिक वद्य त्रयोदशी. गुरुवार. चांदणं न्हाई. थंडी पडलेली. टेम्पो जोडून व्हईस्तोवर रात्रीचे दहा वाजून गेले. दोरी धरली, दोन्ही अंगांना माप येक. केसाचा फरक न्हाई. भिकू खूश झाला. सकाळी गाडी द्यायची म्हंजे ट्रायल रात्रीच मारायला पायजे. राजूचा पत्ता न्हवता. भिकू येकटाच निघाला, कोळवणच्या अंगाला.

दारातला रस्ता सरळ गेला. दुसरं वळण सरळ गेलं. मोरीच्या अलीकडं येक चढ हाय, तो चढला आन् स्टेरिंग हळूच डावीकडं फिरलं. भिकूनं धरलं. पुन्हा फिरलं. मोरी जवळ आली तशी ओढ वाढली, दोन्ही हातांनी धरून ठेवावं लागलं. मोरी वलांडली... आन् सुटलं. गाडी पुन्हा सरळ.

भिकूनं शिव्या घातल्या आन् गाडी मागं आणली गॅरेजला. येताना दोन्ही हातांनी स्टेरिंग आवळून धरलेलं, टकुऱ्यात राग, त्याला मोरीवर काय ध्यान राहिलं न्हाई. आता डावीकडं ओढायला काय काय कारण असतं? ब्रेक धरत असंल. ड्रम उघडला, मोकळा. टायर खराब असंल. मग डावं टायर उजवीकडं घातलं, उजवं डावीकडं. टायरचा दोष असंल तर ओढ बाजू पालटती. पुन्हा दोरी धरली. माप येक.

सव्वाबारा झाले. दुसरा माणूस असता तर झोपला असता. पण भिकूचा सोभाव तुमाला ठावं न्हाई. सकाळी बाया बसणार ह्या गाडीत, असं म्हणत पुन्हा बाहेर पडला.

चढ आला. स्टेरिंग डावीकडं.

टायर पालटलेली. तरी डावीकडंच.

मोरी वलांडली, सुटलं. पुढं रुंद जागा बघून त्यानं गाडी लावली. टॉर्च घेऊन खाली शिरला. येक येक नट हातानं बघितला. सगळं घट्ट. मग गाडी वळवली आन् गॅरेजकडं निघाला. आता डोकं थंड व्हतं. आता ध्यान व्हतं.

मोरी दिसाया लागली. स्टेरिंग फिरलं...

उजवीकडं.

कळलं का काय झालं ते? न्हाई कळलं. ऐक. आक्सल वाकलेला आसंल तर गाडी जाताना डावीकडं ओढंल आन् येतानाबी डावीकडंच ओढंल. लोखंडाला काय ठावं, आपण जातोय का येतोय? पण जाताना डावी बाजू आन् येताना उजवी... म्हंजे रस्त्याची कडा येकच. गाडीत दोष न्हाई. गाडी येका जाग्याकडं चालली व्हती.

भिकूनं ब्रेक दाबला. मोरीच्या अलीकडं गाडी थांबली. इंजन चालू.  घरी जायला रस्ता तेवढाच, आन् मोरी मधी.

आन् मग त्याला हाळी ऐकू आली.

धनगर चुकलेल्या मेंढराला घालत्यात ना, तशी. लांबट. "हुर्रर्र... ये... ये... ये..." रस्त्याच्या खालनं. भिकूला आधी बरंच वाटलं, म्हसू आला म्हणून. काच खाली करून वरडला, "म्हसू? म्हसू हायेस का रं?"

हाळी बंद.

नुस्तं इंजन.

मग पुन्हा. जवळनं. "ये... ये..."

आन् हाळीबरोबर स्टेरिंग हललं. गाडी हुबी व्हती, ध्यानात घ्या. हुब्या गाडीचं स्टेरिंग हाळीगणिक उजवीकडं जायचं. जरासं. पुन्हा जरासं.

भिकूची येक रीत व्हती. ट्रायलच्या शेवटाला पहिला गेर टाकायचा आन् दोन्ही हात सोडायचे. म्हणायचा, माणसानं धरून ठेवलं की गाडीला बोलता येत न्हाई. हात सोड, मग ती सांगती तिला काय झालंय ते. सगळ्या गाड्यांना असंच करायचा तो. त्या राती का केलं, त्यालाबी सांगता येत न्हाई. मी इचारलं तर म्हणला, "दयानंद, बायजा डोळ्यांसमोर हुबी व्हती. कायतरी सांगा म्हणत व्हती."

पहिला गेर टाकला.

हात सोडले.

स्टेरिंग फिरलं. हळू. टेम्पो डांबर सोडून खाली मातीत उतरला. घाणेरीची झुडपं मोडत चालला. चाकाखाली दगड आला, वलांडला. भिकू पाय ब्रेकवर ठेवून बसलेला... पण दाबला न्हाई.

मोरीखाली पाणी जायचा सिमिटाचा मोठा नळ हाय, त्याच्या तोंडाशी टेम्पो थांबला. आपला आपण. इंजन बंद पडलं.

लायटीच्या उजेडात नळ. झुडपं. कुनी न्हाई.

...

मग बोनेटवर... थप.

थप.

मेंढरू परत आलं की त्याच्या पाठीवर थोपटतो ना धनगर... तसं. मायेनं. बोनेटवर कुनी दिसत न्हवतं. लाईट चालू व्हती, भिकूचे डोळे उघडे व्हते.

थप...

मग काय न्हाई. मग वास आला.

रात्री येकला माझा फोन वाजला. पलीकडं भिकू. बोलंना. मी म्हणलं, "आरं बोल की, भोसडीच्या, झोप मोडलीस." तर बारीक आवाजात म्हणला, "दयानंद... मोरीवर ये... माणसं घेऊन ये... पोलीस पाटलाला घे..." आन् फोन बंद.  मी पॅन्ट चढवली आन् पळालो.

म्हसू नळात व्हता.

घोंगड्यात गुंडाळलेला. नळाच्या तोंडाला घाणेरी तोडून लावलेली, रस्त्यावरनं दिसू नये म्हणून. आता डुक्कर काय घोंगड्यात गुंडाळून ठेवतं का कुनाला? पहाटंला पोलीस आले, राजूला घरनं उठवून आणला. त्यानं नळ बघितला आन् सगळं वकला. दारू प्याला व्हता म्हणं. म्हसू रस्त्यात हुबा राहून मेंढीला हाळी घालत व्हता, त्याला उडवला, मग गाडी कठड्यावर गेली. घाबरून बापाला फोन केला. बाप आला. दोघांनी मिळून... बाप, कळलं का? देवाला लिंबू वाहणारा बाप. त्याच्या थोबाडीत द्यायला माझा हात उठला व्हता, पाटलानं धरला.

उजाडताना बायजा आली. वाड्यावरनं पळत आली, पायात वहाणा न्हाईत. माणसांनी वाट दिली. बाई वाकली, घोंगडं बाजूला केलं, तोंड बघितलं. आमी सगळे वाट बघतोय, आता हंबरडा फोडंल. न्हाई फोडला. उठली, आन् आमच्याकडं तोंड करून, समद्या गावाला ऐकू जाईल असं म्हणली, "पळाला न्हवता. ऐकलं का रं? माझा धनी पळाला न्हवता. हितंच व्हता."

मग बसली आन् कुंकू पुसलं. मग रडली.

मी म्हातारा माणूस, पण सांगतो, त्या वक्ताला मला तोंड लपवायला जागा मिळंना. कारण कोकणातली दुसरी म्हणून मीबी दात काढले व्हते पारावर.

आईतवारी पावण्यांचा म्हातारा धनगरवाड्यावर आला, बायजाच्या पायावर डोकं ठेवलं. वर्स पालटलं आन् उज्वलाचं लगीन झालं, त्याच पावण्यांच्या घरात. चांगली हाय पोरगी, लेकरू हाय तिला.

आता येक राहिलं.

त्या सकाळी पोलिसांनी टेम्पोचा पंचनामा मांडला. आक्सल दाखव म्हणले. भिकू टॉर्च घेऊन खाली वाकला. आन् वाकलेलाच राहिला. मी म्हणलं काय झालं रं? त्यानं नुस्ता मला खाली ओढला.

आदल्या दिशी त्यानंच काळा रंग दिलेला तो आक्सल. मध्यरातीला त्यानं नट न् नट चाचपलेला, टॉर्च मारून. तवा काय न्हवतं. आता त्या काळ्या रंगावर, मधोमध, तांबड्या गेरूची बोटं ओढलेली व्हती. तीन. दोन लांब, आन् मधलं आखूड.

बायजाला बोलावलं. तीबी वाकली.  तेवढ्यात वाड्यावरची पोरं मेंढरं घेऊन खाली आली, घरात माणूस गेलं तरी मेंढराला चारा लागतोच. बायजानं त्यांच्याकडं बोट केलं. मी बघितलं. हर येका मेंढराच्या पाठीवर गेरूची तीन बोटं. दोन लांब, मधलं आखूड.

"विळ्यानं तुटलं व्हतं त्यांचं मधलं बोट," बायजा म्हणली. "चुकलेलं मेंढरू घरी आलं, की पुन्हा खूण करायचे. आपलं हाय म्हणून."

टेम्पो अजून पोलीस ठाण्याच्या आवारात पडलाय. चाकं बसलीत, टपावर गवत उगवलंय. कितीक पावसाळे गेले त्याच्यावरनं. भिकूनं मारलेला काळा रंग कवाच उडाला, लोखंड गंजलं. गेरू म्हंजे काय, माती. येका सरीत धुऊन जाती.

मागल्या महिन्यात कामाला गेलो व्हतो तितं. कुनी बघत न्हाई बघून खाली वाकलो.

बोटं तशीच हायेत. वली.